शिबिर नको, फेरी हवी

इंदूरच्या आपल्या एका मंडळाच्या बैठकीत नुकताच प्रस्ताव आला. देपालपूरकडच्या गावांत मणक्याच्या आजारांचं मोफत शिबिर घ्यायचं: एक रविवार, दोन डॉक्टर, शेक द्यायची मशिनं, येईल त्याला कमरेचा पट्टा आणि दुपारी पुरीभाजी. फिजिओथेरपिस्ट म्हणून मलाही बोलावलं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. काहींना ते लागलं. पैसे देणारी माणसं आपलीच आहेत, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातली, आणि त्यांच्या तळमळीबद्दल मला जराही शंका नाही. म्हणूनच सविस्तर लिहितेय. बैठकीच्या पाच मिनिटांत एवढं सगळं मावत नाही.

गावातली कंबर कशानं जाते ते आधी बघा. माळव्यात सोयाबीनची काढणी म्हणजे दिवसभर वाकून विळा चालवणं. लसूण काढायचा तर उकिडवं बसून ओळीच्या ओळी सरकत जायचं. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणीचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो आणि तो घेऊन ओल्या काळ्या मातीतून चालायचं, पाय उचलला की चिखलही सोबत उचलायचा. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली, पण धान्याच्या पोत्यांना असा कुणी वाली नाही. बाई असेल तर शेतातून आल्यावर चूल, गोठा, पाणी. तिथेही वाकणंच.

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचे. तिकडे पहिलवानाकडून नस बसवून घेतात. कमरेचं बहुतेक ताजं दुखणं काही आठवड्यांत आपसूकच उतरतं, त्यामुळे पाय लावणाऱ्यालाही यश मिळतं आणि पहिलवानालाही. हाल होतात ते तीन-तीन महिने दुखणं न हटणाऱ्यांचे. ही माणसं गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरकडे सुई घेतात, बाटली चढवतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. असं वर्षानुवर्षं चालतं. दुखणं दाबणाऱ्या गोळ्यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात, आणि कधी त्या पुडीत स्टिरॉइडही असतं.

इंदूरला का येत नाहीत, असं बैठकीत कुणीतरी विचारलं. बसभाडं लागतं, स्वतःची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची बुडते. एकदा जमेल. पण फिजिओथेरपी एका खेपेत होत नाही, आणि दहा खेपांचा खर्च मजुराचं घर काढू शकत नाही.

तरीही पैसे उभे करून जे येतात ते बहुधा एमआरआयची फाईल घेऊन परततात. रिपोर्टात लिहिलेलं असतं, मणक्यांमधली गादी सरकली आहे, आणि घरी सांगितलं जातं, मणक्यात गॅप आलाय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली. दुखत काहीच नव्हतं! म्हणजे रिपोर्टातली झीज आणि अंगातलं दुखणं यांचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही. पण ‘गॅप’ एकदा कानावर पडला की धडधाकट शेतकरी वाकायला भितो, खाट धरतो, स्नायू ढिले पडतात आणि दुखणं मुरतं. झोपून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारी माणसं लवकर बरी होतात, हे फिनलंडमधल्या अभ्यासात १९९५ सालीच दिसलं होतं. आपण अजूनही ‘सक्त आराम’ लिहून देतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनमुळेच आपली कंबर कायमची गेली, असं जवळपास प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. इंदूरच्या आपल्या घरांतही मिळतं. बाळंतपणानंतर पाठ दुखणं खरं आहे, पण त्या सुईमुळे कायमची पाठदुखी लागते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. ही समजूत नुसती ‘खोटी आहे’ म्हणून जात नाही. त्या बाईशी बसून बोलावं लागतं. बाळंतपणानंतर किती दिवसांत ती पुन्हा पाण्याची कळशी उचलायला लागली हे विचारावं लागतं. आणि पुरुष फिजिओथेरपिस्टपुढे, शंभर माणसांच्या मांडवात, ती हे बोलणार नाही. पाठ दाखवणं तर दूरच.

आता त्या पट्ट्याबद्दल. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या त्या डिसेंबर २०२३ मध्ये. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा त्यातला अंदाज आहे. व्यायाम करा, माणसाला त्याचं दुखणं समजावून सांगा, असं त्या सूचना म्हणतात. आणि सरसकट देऊ नका, अशा उपचारांच्या यादीत कमरेचे पट्टे आहेत, वजन लावून मणका ताणणंही आहे. म्हणजे शिबिराच्या बॅनरवर जे सगळ्यात मोठ्या अक्षरात छापणार होतो, नेमकं तेच.

माझं म्हणणं इतकंच की गाडी जाऊ दे, पण फेरीची जाऊ दे. दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, तीच फिजिओथेरपिस्ट. आणि तो दिवस गावच्या हाटाचा असावा. हाटाला आसपासच्या पाड्यांवरची माणसं मीठमिरची, बियाणं, कपडा घ्यायला येतातच. त्या दिवसाची वेगळी मजुरी बुडत नाही, वेगळं भाडं लागत नाही. सासूला सांगून येणंही सोपं पडतं, याला मी फार महत्त्व देते.

गाडीत मशिनं नकोत. घडीचं टणक बाकडं, पडदा, सतरंज्या, गुडघ्यावर मारून बघायची हातोडी आणि एक नोंदवही, एवढं पुरतं. पहिल्या भेटीत नीट तपासणी आणि दोन, फार तर तीन व्यायाम. खरं काम दुसऱ्या भेटीत सुरू होतं, कारण शिकवलेला व्यायाम आठ दिवसांत बहुतेकांचा बदललेला असतो. कुणी श्वास रोखून करतो, कुणी झोळ पडलेल्या खाटेवर झोपून करतो, कुणी दहाच्या जागी शंभर करून दुखवून घेतो. हे आठ दिवसांनी कुणी बघितलंच नाही, तर तो माणूस ‘कसरत करून पाहिली, फरक नाही’ म्हणत पुन्हा सुईकडे वळतो, आणि चार शेजाऱ्यांनाही तेच सांगतो. एक दिवसाच्या शिबिराचा मला राग आहे तो याचा. ते फुकट जातंच, वर पुढच्या उपचाराची वाटही बंद करून जातं.

हाटालाही येऊ न शकणाऱ्यांसाठी मात्र घरीच जावं लागेल. झाडावरून, छतावरून किंवा विहिरीत पडून मणका मोडलेले तरुण खेड्याखेड्यात आहेत. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, घरी सोडलं, आणि तिथून पुढे कुणीच नाही. पाय हलत नाहीत, संवेदना नाही, म्हणून टाचेला आणि माकडहाडापाशी जखम होते तेव्हा त्याला कळतही नाही. ती हाडापर्यंत खोल जाते. अशी माणसं मणक्यानं मरत नाहीत, त्या जखमेतल्या नाहीतर लघवीच्या संसर्गानं मरतात. टाळणं अशक्य नाही: दर दोन तासांनी कूस बदलायची, रोज आरसा धरून पाठ बघायची, लघवीची नळी ठरलेल्या वेळी स्वच्छ हातानं घालायची आणि काढायची. घरातली आई-बायको हे शिकते, आणि एकदा शिकली की आमच्यापेक्षा काटेकोर करते. अंगणात कमरेच्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधले की उभं राहण्याचा सराव होतो. ज्याच्या पायांत थोडा जोर शिल्लक आहे तो त्यांना धरून पावलंही टाकतो. अर्धांगवायू झालेल्यांनाही तेच बांबू चालतात. तिथे पहिले महिने मोलाचे असतात, आणि गावात तेच महिने खाटेवर जातात. खांदा जखडतो, पाऊल लोंबतं, मग घरचे म्हणतात आता काय होणार.

फेरीवाल्या व्यक्तीला व्यायामाइतकंच ‘हे माझं काम नाही’ हे ओळखता आलं पाहिजे. रात्री वाढणारं दुखणं, सोबत बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी इंदूर. म्हातारी नुसती घसरून पडली आणि पाठीत मधोमध दुखतंय, तर आधी एक्स-रे. अशा माणसाला मांडवात शेक देऊन, पट्टा बांधून घरी पाठवणं धोक्याचं आहे.

सरकारी चौकट मुळीच नाही असं नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. सामुदायिक आरोग्य केंद्रातल्या पुनर्वसन कार्यकर्त्यानं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जावं, असं त्यात लिहिलेलं आहे. गावात आशा ताई आहेत, आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत. आपली फेरी त्यांना धरूनच चालावी. अंथरुणावरच्या माणसांची घरं आशा ताईंना तोंडपाठ असतात.

बैठकीतले दोन आक्षेप राहिले. लोकांच्या हातात काहीतरी द्यायला हवं, असं एक काका म्हणाले. द्या ना. उंची मोजून कापलेली, खाली रबर लावलेली काठी द्या. वॉकर द्या. पाठीला जखम होऊ न देणारी गादी द्या. ज्याला लागते त्यालाच, आणि वापरायला शिकवून. दुसरा आक्षेप असा की फेरी फार कमी गावांत पोहोचेल. हो, कमीच. तीन-चार हाट. पण एका फिजिओथेरपिस्टचा पगार, चालक आणि डिझेल यांची निदान दोन वर्षांची हमी द्या, आणि ती बाई असू द्या. पगारात कसर करू नका, नाहीतर सहा महिन्यांत ती शहरातल्या क्लिनिकमध्ये जाईल आणि गावाला पुन्हा नवा चेहरा बघावा लागेल.

मंडळाची पुढची बैठक गणपतीआधी आहे. सोयाबीनची काढणी त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होते, आणि कंबर धरलेल्यांची रांग तेव्हाच लागते. पहिला हाट त्याच्या आधी गाठायचा असेल तर शिबिराचे मांडववाले आणि पट्टेवाले यांना दिलेला आगाऊ होकार आत्ताच मागे घ्यावा लागेल. देपालपूर, हातोद, बेटमा, मानपूर यांपैकी कुठल्या हाटात बाकडं मांडायला सावलीची जागा मिळेल हे ज्यांना माहीत असेल, त्यांनी खाली लिहा.