बोर्ड बूट झाला म्हणून फ्लॅशचं वर्णन बरोबर ठरत नाही

एम्बेडेड लिनक्स शिकणाऱ्यांच्या गटांत, छत्रपती संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंत, एक सल्ला पुन्हापुन्हा पुढे पाठवला जातो. तो थोडक्यात असा: ‘फ्लॅश कंट्रोलरची डिव्हाइस ट्री लिहीत बसू नका. त्याच प्रोसेसरच्या दुसऱ्या बोर्डाची फाइल उचला, कंपॅटिबल बदला, बाकीचं चिप स्वतःच सांगते. ईसीसी जमेल तेवढं वाढवा. पार्टिशन काय, नंतर कधीही बदलता येतात. आणि बोर्ड बूट झाला की समजा, वर्णन बरोबर.’ (फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी डेटा राखणारी मेमरी चिप. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय, कुठे, कसं जोडलं आहे हे लिनक्सच्या कर्नलला सांगणारी फाइल, आणि कंपॅटिबल म्हणजे कोणता ड्रायव्हर लावायचा हे सांगणारी तिच्यातली ओळ. ईसीसी म्हणजे वाचताना चुकलेले बिट दुरुस्त करायची सोय, पार्टिशन म्हणजे फ्लॅशचे पाडलेले भाग.)

वर्कशॉपच्या टेबलावर हा सल्ला बऱ्याचदा खपून जातो. पण हेच बोर्ड पुढे जालन्याकडे मोसंबीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडायला आणि परभणीकडच्या आखाड्यावर मोटारीचा स्टार्टर सांभाळायला जातात. तिथं पत्र्याची खोली असते, मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, लाईन पाळीपाळीनं येते. टेबलावर न दिसलेली चूक तिथं दिसते आणि ती दुरुस्त करायला शेतकऱ्याला गाडी काढावी लागते. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

‘बाकीचं चिप स्वतःच सांगते’

हे अर्धं खरं आहे, आणि घोळ त्यामुळेच होतो. फ्लॅशच्या दोन जाती इथं येतात: नॉर आणि नँड. एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवरच्या नॉर चिपला हेक्स ९एफ हा हुकूम दिला की ती तीन बाइटची ओळख देते. विनबाँडच्या नेहमीच्या १२८ मेगाबिट चिपकडून ईएफ ४० १८ येतं. चिपमध्येच साठवलेल्या एसएफडीपी तक्त्यातून आकार, इरेजचे म्हणजे पुसण्याचे हुकूम, चार तारांवरून वाचायची पद्धत कळते. ओनफी प्रमाणाच्या नँडमध्ये पॅरामीटर पेजवर, म्हणजे चिपच्या माहितीच्या पानावर, पेजचा (एका वेळी लिहायच्या तुकड्याचा) आणि ब्लॉकचा (एकदम पुसल्या जाणाऱ्या पेजांच्या गठ्ठ्याचा) आकार असतो, किमान किती बिट दुरुस्त करावे लागतील तेही असतं. म्हणून नॉरसाठी ‘जेडेक,एसपीआय-नॉर’ एवढा कंपॅटिबल बहुतेक वेळा पुरतो, चिपचा नंबर लिहावा लागत नाही.

पण चिपला स्वतःच्या पायांपलीकडचं काहीच ठाऊक नसतं. आपण कोणत्या चिप-सिलेक्टवर (चिप निवडणाऱ्या तारेवर) आहोत, लिहिणं रोखणारी राइट-प्रोटेक्टची तार कोणत्या जीपीआयओला (प्रोसेसरच्या सामान्य पायाला) गेली आहे, चिप कामात आहे की मोकळी हे सांगणारी रेडी-बिझीची तार जोडली आहे की नाही, बोर्डावर दोनच डेटा तारा ओढल्या आहेत की चार, हे फक्त सर्किटचा नकाशा सांगतो. डिव्हाइस ट्री लिहायची ती याच गोष्टींसाठी.

एक चूक फार फसवी आहे. चिप चार तारांची असते, पण बोर्डावर तिचे राइट-प्रोटेक्ट आणि होल्ड हे दोन पाय रेझिस्टरमधून पुरवठ्याला बांधलेले असतात आणि कंट्रोलरचे तिसरी-चौथी तार वाचणारे पाय मोकळे, पुल-अपवर, म्हणजे आपोआप १ वाचणारे असतात. उचललेल्या फाइलमध्ये मात्र ‘एसपीआय-आरएक्स-बस-विड्थ’, म्हणजे वाचनाच्या तारांची संख्या, ४ असते. ओळख बरोबर येते, कारण ९एफ हा हुकूम एकाच तारेवर चालतो. कोरी फ्लॅश वाचली तरी सगळे एफएफ बरोबर येतात. प्रत्यक्ष डेटा वाचला की दर चार बिटांतले वरचे दोन बिट कायम १ दिसतात, म्हणजे ००च्या जागी सीसी. वाचलेल्या डेटाच्या डंपमध्ये सीसीची रांग दिसली तर आधी तारा मोजा, ड्रायव्हरला दोष नंतर द्या. ते पाय रेझिस्टरशिवाय थेट पुरवठ्याला जोडले असतील तर प्रकरण आणखी वाईट: क्वाड, म्हणजे चार तारांच्या वाचनात चिप त्याच पायावर ० काढायला जाते आणि तिच्या आउटपुटवर शॉर्ट होतो.

‘दुसऱ्या बोर्डाची फाइल उचला, कंपॅटिबल बदला’

उत्पादकाच्याच रेफरन्स बोर्डाची हुबेहूब नक्कल केली असेल, तर फाइल उचलण्यात गैर नाही. तसं नसेल तर कंट्रोलरच्या नोडमधला, म्हणजे फाइलमधल्या त्याच्या कप्प्यातला, रजिस्टरांचा पत्ता, क्लॉक, इंटरप्ट, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवायची सोय) आणि पिनकंट्रोल (कोणत्या पायाचं काम काय ते) हे सगळं तपासावं लागतं. कंपॅटिबल ही सर्वांत सोपी ओळ, पण तिथंही काळजी हवी: नेमकं नाव आधी, जुन्या कंट्रोलरचं नाव मागे, आणि तेही रजिस्टरं खरोखर जुळत असतील तरच.

नवशिक्यांचा पाय इथं हमखास घसरतो: नँड कंट्रोलरच्या नोडमध्ये ॲड्रेस-सेल्स १ आणि साइझ-सेल्स ० (पत्त्याला आणि लांबीला किती आकडे, ते सांगणारे) असतात, कारण पोटातल्या नोडचा ‘रेग’ म्हणजे मेमरीचा पत्ता नव्हे, चिप-सिलेक्टचा क्रमांक. त्याच्याही पोटातल्या पार्टिशन नोडमध्ये मात्र दोन्ही १ लागतात, कारण तिथं सुरुवात आणि लांबी दोन्ही सांगायची असते.

गुणधर्माच्या नावात एक अक्षर चुकलं तर डिव्हाइस ट्रीचा डीटीसी कंपायलर हूं की चूं करत नाही. त्याला मांडणी कळते, अर्थ कळत नाही. कर्नलही अनोळखी गुणधर्म मुकाट्यानं सोडून देतो. तुम्हाला वाटतं ईसीसी ८ बिटांचं आहे, आणि ड्रायव्हर आपल्या मूळ समजुतीवर चालत राहतो. म्हणून कर्नलच्या सोर्समध्ये ‘मेक डीटीबीएस_चेक’ चालवाच. बाइंडिंगच्या, म्हणजे कोणता गुणधर्म कसा लिहायचा या नियमांच्या, स्कीमाशी ताडून तो अशा चुका पकडतो.

‘ईसीसी जमेल तेवढं वाढवा’

हिशेब मांडू. २०४८ बाइटच्या पेजला सहसा ६४ बाइटची ओओबी, म्हणजे राखीव जागा असते. पेजचे ५१२ बाइटचे ४ तुकडे होतात. बीसीएच या दुरुस्तीच्या पद्धतीत ५१२ बाइटमागे दुरुस्तीच्या प्रत्येक बिटाला १३ बिट लागतात. ४ बिटांच्या दुरुस्तीला ५२ बिट, म्हणजे ७ बाइट; चार तुकड्यांचे २८. ८ बिटांना १३ बाइट, एकूण ५२. खराब ब्लॉकच्या खुणेचे २ बाइट धरून ५४, म्हणजे बसतं. १६ बिटांना २६ बाइट, एकूण १०४. ते ६४ मध्ये मावत नाही, मग तुम्ही कितीही लिहा.

मावलं तरी खरा प्रश्न उरतोच. त्याच नँडला तिघं हात लावतात: प्रोसेसरमधला बूट रॉम (त्यात कायमचा असलेला पहिला प्रोग्रॅम), यू-बूट (कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) आणि कर्नल. कारखान्यात प्रोग्रॅमरनं चिप आधीच भरली असेल तर चौथा तो. या सगळ्यांचं दुरुस्तीचं गणित, तुकड्याचा आकार आणि ओओबीतली मांडणी एकच हवी. बूट रॉमचं गणित सिलिकॉनमध्ये कोरलेलं असतं, ते तुमच्या डिव्हाइस ट्रीला विचारत नाही. तुम्ही कर्नलमध्ये ४ चे ८ केले आणि यू-बूट तसाच ठेवला, तर एकाच गटाचे दोन सातबारे झाले. यू-बूटनं लिहिलेलं प्रत्येक पेज कर्नलला खराब दिसतं आणि यूबीआय (नँडचे खराब ब्लॉक आणि झीज सांभाळणारा कर्नलमधला थर) उणे ७४ ही त्रुटी देत राहतो. चिप जळाली असं समजून ती बदलण्याआधी एक पेज यू-बूटमधून लिहून कर्नलमध्ये नँडडंप या साधनानं वाचा, मग उलट करा. एका दिशेला जरी सगळी पेजं सरसकट बाद आली, तर चूक वर्णनात आहे.

चिप मागते त्यापेक्षा कमी ठेवणं मात्र कधीच नको. उष्णतेत साठवलेला भार लवकर गळतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या डब्यात चिप तासन्‌तास तापलेली असते. दुरुस्ती खरंच किती बिटांची होते हे पाहायला एमटीडीच्या, म्हणजे कर्नलच्या फ्लॅश-विभागाच्या, चाचण्यांतलं नँडबिटएरर्स मॉड्यूल आहे. मोकळ्या पार्टिशनवरच चालवा, ते डेटा पुसतं.

‘पार्टिशन नंतर कधीही बदलता येतात’

ऑफिसातल्या एका बोर्डावर बदलता येतात. शेतात बसवलेल्या दोनशे डब्यांत, आत नोंदी असताना, येत नाहीत.

पार्टिशनचा बांध इरेज ब्लॉकच्या कडेवरच पडला पाहिजे. १२८ केबीच्या ब्लॉकला तो हेक्स २०००० च्या पटीत हवा. हेक्स ११०००० वर सुरू होणारं पार्टिशन ब्लॉक मधोमध चिरतं. कर्नल लॉगमध्ये एक ओळ टाकून ते केवळ वाचनापुरतं ठेवतो. ती ओळ कुणी वाचत नाही, आणि मग ‘फाइल लिहिली जात नाही’ म्हणून दिवस जातो.

१ गिगाबिट नँडमध्ये असे १०२४ ब्लॉक असतात आणि त्यातले २० पर्यंत खराब असू शकतात असं डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं. यू-बूटची प्रतिमा ५ ब्लॉकांची असेल आणि पार्टिशनही ५ च ब्लॉकांचं केलं, तर त्यात एक खराब निघाला की तो बोर्ड बाद. तिथं दोन-तीन ब्लॉक जास्तीचे ठेवा. खराब ब्लॉकांचा तक्ता फ्लॅशवरच ठेवायचा गुणधर्म लावला असेल तर चिपचे शेवटचे ४ ब्लॉक त्यासाठी सोडा, आणि तेच यू-बूटलाही सांगा.

बाकीच्या जागेचं एकच मोठं यूबीआय पार्टिशन करून आत व्हॉल्यूम पाडणं उत्तम, म्हणजे झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. जागेचा अंदाज मात्र आधी काढा. सबपेज (पेजचा एक भागच लिहायची सोय) नसेल तर १२८ केबीच्या ब्लॉकमधून २ पेजं मथळ्यांना जातात, हाती १२४ केबी येतात. ८०० ब्लॉक, म्हणजे १०० एमबी दिले, तर खराब ब्लॉकांसाठी २० आणि यूबीआयच्या स्वतःच्या कामाला ४ वजा होतात. उरतात ७७६ गुणिले १२४ केबी, साधारण ९४ एमबी.

‘बूट झाला की समजा, वर्णन बरोबर’

सर्वांत घातक वाक्य हेच. १६ एमबीपेक्षा मोठ्या नॉर चिपला तीन बाइटचा पत्ता पुरत नाही. चार बाइटच्या पत्त्यासाठी वेगळे हुकूम असलेल्या चिपवर अडचण येत नाही. नसतील तर कर्नल संपूर्ण चिपच चार बाइटच्या पद्धतीत टाकतो. आता वॉचडॉगनं, म्हणजे प्रोसेसर अडकला की त्याला रीसेट करणाऱ्या टायमरनं, प्रोसेसर रीसेट केला, पण चिपला रीसेटची तार नाही. बूट रॉम तीन बाइटचा पत्ता देतो, चिप चौथ्याची वाट बघते, आणि बोर्ड तिथंच थिजतो. वीज काढून लावली की पुन्हा ठणठणीत! टेबलावर आपण दरवेळी वीजच काढतो, म्हणून हे दिसत नाही. आखाड्यावरचा डबा बॅटरीवर असतो, लाईन गेली तरी चिपची वीज जात नाही, आणि तो तसाच पडून राहतो.

‘ब्रोकन-फ्लॅश-रीसेट’ हा गुणधर्म यासाठीच आहे, पण तो इलाज नव्हे, कबुली आहे. तो लावल्यावर नीट रीबूट होताना कर्नल चिपला तीन बाइटवर परत आणतो. वॉचडॉगच्या अचानक रीसेटमध्ये त्याला तेवढी संधी मिळत नाही, आणि लॉगमध्ये तो तसा इशाराही देतो. खरा इलाज बोर्डावर आहे: रीसेट पाय असलेली चिप घेऊन तो प्रोसेसरच्या रीसेटला जोडा, किंवा रीसेट होताच चिपचा पुरवठा तोडणारा स्विच ठेवा. रीसेटसाठी वेगळा पाय बहुधा १६ पायांच्या चिपमध्ये मिळतो, ८ पायांच्या चिपमध्ये तेवढी जागाच नसते.

चाचणी घ्यायची ती अशी: वीज न काढता ५० वेळा रीबूट, मग वॉचडॉग चालू ठेवून मुद्दाम कर्नल पॅनिक (कर्नल कोसळवणं), आणि प्रत्येक वेळी फ्लॅशच्या अगदी शेवटच्या भागात काही लिहीत असताना.