खुलासा : स्वर मोजून सिलॅबल मोजता येत नाहीत

‘इंग्रजी शब्दात ए, ई, आय, ओ, यू जितक्या वेळा, तितके सिलॅबल (म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे)’ असा नियम पालकांच्या गटांत फिरतोय. तो चुकीचा आहे. कृपया मुलांना शिकवू नका.

रांगेला इंग्रजीत ‘क्यू’ म्हणतात. स्पेलिंगमध्ये यू-ई-यू-ई अशी चार स्वराक्षरे, सिलॅबल मात्र एकच. उलट ‘रिदम’च्या स्पेलिंगमध्ये या पाचांपैकी एकही नाही, तरी सिलॅबल दोन. सिलॅबल ऐकून मोजायचा असतो, अक्षरे पाहून नव्हे. हनुवटीखाली हात धरून, ती जितक्या वेळा खाली येईल तितके सिलॅबल मोजण्याची युक्ती बऱ्याचदा चालते. पण ‘लिटल’मध्ये दुसरा सिलॅबल शेवटच्या ‘ल’वरच तोललेला असतो, तिथे ती फसते.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ क्रियापदाला भूतकाळात लागणाऱ्या ‘ईडी’ (-ed) या प्रत्ययाचा होतो, आणि तो याच नियमामुळे वाढतो. ‘वॉक’चे ‘वॉकेड’ होत नाही, ‘वॉक्ट’ होते : सिलॅबल एकच. ‘प्ले’चे ‘प्लेड’, तोही एकच. मूळ क्रियापद ट किंवा ड या ध्वनीवर संपले तरच नवा सिलॅबल येतो : वॉन्टेड, नीडेड. मुलांकडून हे शब्द मोठ्याने म्हणवून घ्या, प्रत्येक सिलॅबलला एक टाळी.