बनवाबनवी म्हणे सेटवर सुचला!

मंगळवारी रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अशी ही बनवाबनवी’ सिनेमाबद्दल नानांचा एक लांबलचक मेसेज येऊन पडला. सुरुवातीला ‘९९ टक्के मराठी माणसांना हे माहीत नाही’, शेवटी ‘अस्सल मराठी असाल तर पुढे पाठवा’ आणि मध्ये वीसेक हसरे चेहरे. नाना माझे चुलते, ऐंशीला टेकलेले. त्यांच्या हळद-लिंबाच्या उपायांवर मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. याही वेळी गप्प बसले असते. पण गुरुवारी भाचा घरी आला. युवा महोत्सवाची एकांकिका तीन आठवड्यांवर आलीय, म्हणून सहज विचारलं, संहिता कुठवर आली?

‘‘मावशी, आम्ही लिहीतच नाही. बनवाबनवीला तरी कुठं स्क्रिप्ट होती? नाना आजोबांनी पाठवलंय की. सेटवर सुचतंय सगळं.’’

पाच पोरं, सात मिनिटांची तालीम, आणि आठव्या मिनिटाला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. हे त्यानंच सांगितलं, तेही हसत. म्हणून हा खटाटोप.

मेसेज थोडक्यात असा. ‘अशी ही बनवाबनवी’ २३ सप्टेंबर १९८८ रोजी लागला आणि पहिल्याच आठवड्यात पडला, कारण तेव्हाच्या लोकांना तो कळलाच नाही. टीव्हीमुळे पुढे वाचला. कल्पना शंभर टक्के मराठी, ती हिंदीवाल्यांनी चोरली. पटकथा नावाचा कागदच नव्हता, अशोकमामा आणि लक्ष्या सेटवर येऊन सुचेल ते बोलायचे. दादा कोंडकेंचा ‘सोंगाड्या’ही लोकांनी नाकारला होता, तो धाकदपटशानं चालवला. आणि वर तात्पर्य: प्रत्येक अजरामर विनोदी सिनेमा आधी पडतोच, तेव्हा लोकांच्या मताकडे लक्ष देऊ नका.

यातली तारीख बरोबर आहे.

पडला म्हणे! आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन सोलापुरातल्या साखर पेठेतून चालत गेली आणि हाउसफुल्लची पाटी बघून परत आली. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्या खेपेला बाबा मिलमधली पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊनच रांगेत उभे राहिले आणि शेवटी ब्लॅकनं तिकिटं घेतली. टॉकीज कोणती यावर घरात अजून भांडण होतं. ब्लॅकवर होत नाही, कारण ते पैसे बाबांनी पुढे कित्येक वर्षं आईला ऐकवले.

आता आमच्या घरची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. मग हे घ्या. १९९१ मध्ये याच गोष्टीवर तेलुगूत ‘चित्रं भळारे विचित्रं’ आला, नट नरेश साडी नेसून. पडलेल्या मराठी सिनेमावरून तीन वर्षांत तेलुगू सिनेमा काढायला खिशातले पैसे घालणारा निर्माता मला दाखवा, मी त्याला इथली डबल चादर भेट देते. हा सिनेमा मी आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली शेजारणीकडे भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिलाय. भाषा ओ की ठो कळत नसताना आई पुढचा प्रत्येक प्रसंग आधीच सांगत सुटली होती. तर शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुमच्या मराठीवाल्यांनी आमचं उचललं म्हणा की!’’

म्हणजे चोरीचा आळ तेव्हापासून चालू आहे, फक्त चोर बदलतो. खरं काय ते दोन ओळींत सांगता येतं. १९५५ मध्ये बंगालीत ‘जय माँ काली बोर्डिंग’ आला. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये हिंदीत ‘बीवी और मकान’ केला. घर मिळेना म्हणून मित्रांपैकी दोघं बायका होतात, हे सूत्र त्यात आहेच. विश्वजीत आणि केष्टो मुखर्जी पदर सावरताना दिसतात. बावीस वर्षांनी ते मराठीत आलं. मूळ कल्पना बाहेरची होती म्हटल्यानं आपलं नाक कापलं जात नाही. हिंदी ‘बीवी और मकान’चे किती संवाद तुम्हाला पाठ आहेत? एकही नाही ना? मग मराठीत आणताना कुणीतरी काहीतरी केलं असणार. त्या कुणीतरीला नानांच्या मेसेजनं एका फटक्यात पुसून टाकलंय, आणि माझं डोकं फिरलं ते तिथं.

सिनेमा लावा आणि सुरुवातीच्या पाट्या संपेपर्यंत रिमोट खाली ठेवा. दिग्दर्शक सचिन, निर्माते किरण शांताराम, संगीत अरुण पौडवाल. आणि लेखक म्हणून नाव येतं वसंत सबनीस. मला यापेक्षा मोठा पुरावा शोधायची गरज वाटत नाही. ज्या सिनेमाला लेखन नव्हतं त्याची लेखनाची पाटी सिनेमातच छापलेली आहे, आणि आपण ती छत्तीस-सदतीस वर्षं पॉपकॉर्न फोडत घालवली.

आणि हे सबनीस कोण? रघुनाथ दामोदर सबनीस, जन्म ६ डिसेंबर १९२३, सोलापूर. सो-ला-पूर! ज्या गावात बसून नाना मेसेज पुढे ढकलतायत, त्याच गावात जन्मलेल्या माणसाचं काम. ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांचं, ‘गेला माधव कुणीकडे’ त्यांचं. आणि हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका करायची स्वप्नं बघणाऱ्या पोराला हे नाव ठाऊक नाही. ‘‘कोण बे हे?’’ म्हणाला. माझ्या तोंडावर.

बरं, नाव बाजूला ठेवू, सिनेमाच बघू. पुरुषांनी साडी नेसायची, हा या सिनेमाचा गाभा. पण ती साडी नेसायची वेळ किती उशिरा येते, हे कधी लक्षात आलंय? आधी पुण्यात खोली धरून राहणारा धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, मग त्याचा भाऊ, मग कोल्हापूरहून येऊन टपकणारे दोन मित्र. मग घरमालक विश्वासराव सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, त्यांचा मधुमेह, ते इस्राईलचं औषध आणि ते गेलेले सत्तर रुपये. हे सगळं गमतीचं आहेच, पण प्रत्येक प्रसंग चौघांना त्या खोलीच्या दाराकडे एकेक पाऊल ढकलत असतो. बाहेर फेकले गेल्यावर नव्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांची अट समोर येते: भाडेकरू जोडपंच हवं. तोवर आपणच मनात म्हणत असतो, आता दुसरा इलाज काय? एकांकिकेतली आमची पोरं पडदा उघडताच साडीत हजर आहेत. का नेसलीय विचारलं तर म्हणे, ‘‘हसायला येतंय की.’’ येतंय, दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षक पंख्याकडे बघतो.

साडीनंतर तर खरी बांधणी आहे. घर हवं म्हणून बायको, बायको झाली म्हणून बायकांमधली ऊठबस, आणि ऊठबस वाढत वाढत पार्वती बनलेल्या लक्ष्याच्या पोटापर्यंत! अख्खं ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं एका थापेच्या पोटी जन्माला आलंय. वर ज्याला नाइलाजानं बायको व्हावं लागलं त्याला त्याच घरात स्वतःची प्रेयसी भेटते, आणि तिच्यापुढं उभं राहायचं तर दर वेळी कपडे बदलायला पळावं लागतं. एका थापेनं दुसरी थाप मागायची, दुसरीनं पहिली उघडी पाडायची, आणि चार नायक, चार नायिका, एक म्हातारी यांतलं कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही याचा हिशेब शेवटपर्यंत चुकू द्यायचा नाही. किराणा दुकानाची उधारीची वही सुद्धा यापेक्षा सोपी असते. आणि हे म्हणे चहा पिता पिता सुचलं.

त्यात तेव्हा सिनेमा फिल्मवर व्हायचा, फोनवर नाही. हजार फुटांचं रीळ कॅमेऱ्यात अकरा मिनिटांत संपतं आणि फुकट गेलेला प्रत्येक फूट पैसे देऊन घेतलेला असतो. मराठी निर्मात्याच्या पैशात चार-पाच नट एका चौकटीत उभे करून ‘बघू काय सुचतंय’ म्हणणं परवडेल का, हे मिलमधल्या कुठल्याही जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, सांगितलं असतं.

आता, दात-ओठ खात एक कबूल करते. नटांनी भर घातलीच नाही असं मी म्हणत नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे समोरासमोर उभे असताना कागदातलं तेवढंच बोलतील, हे कुणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. ‘हा माझा बायको’ यातला ‘हा’ कागदावर होता की तोंडून निसटला, यावर मी भांडणार नाही. पण तो एक ‘हा’ हशा का घेतो ते बघा. तोवरच्या सगळ्या प्रसंगांनी माने थापाड्या, घाबरट आणि आता पुरता अडकलेला आहे हे आपल्या डोक्यात भरवलेलं असतं. बाकी सगळं नीट पाठ केलंय आणि जीभ एका सर्वनामावर घसरते. मराठीत ‘हा’ आणि ‘ही’ वेगळे आहेत म्हणून तो जमतो, आणि आधीचा अर्धा तास लिहिलेला आहे म्हणून तो कळतो.

आणि आयत्या वेळच्या बोलण्याची परंपरा सबनीसांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. ते लोकनाट्याचे लेखक. तमाशात गण, गवळण, बतावणी, मग वग, म्हणजे मुख्य कथानाट्य. बतावणीत सोंगाड्या गावातल्या कालच्या भानगडीवरही बोलतो, प्रत्येक गावात वेगळं बोलतो. ‘विच्छा’मध्ये दादा कोंडके हवालदार होऊन हेच करायचे आणि लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा जायचे. पण हवालदार कितीही भरकटला तरी परत कुठं यायचं ते वगानं ठरवून ठेवलेलं असतं. आमच्या पोरांनी भरकटायची सोय केली, परत यायची जागाच ठेवली नाही. आठव्या मिनिटाला तोंडं बघत उभे राहतात ते त्यामुळं.

‘सोंगाड्या’चं थोडक्यात उरकते. १९७१ सालचा सिनेमा. लोकांनी नाकारला नव्हता. दादरच्या कोहिनूर टॉकीजच्या मालकाला त्याऐवजी देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. तिथं बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मध्ये पडले आणि ‘सोंगाड्या’ लागला. धाक होता, असेलही. पण तो थिएटरवाल्याला होता. लोकांना धाक दाखवून तिकिटं काढायला लावता येतात, हसायला कसं लावणार? त्यानंतर दादांचे एकामागून एक सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, त्याची नोंद गिनीज बुकात गेली. आणि हो, ‘सोंगाड्या’ लिहिणारे कोण? पुन्हा वसंत सबनीसच. मेसेजमधले दोन्ही मराठी सिनेमे एकाच सोलापूरकरानं लिहिलेले, आणि पूर्ण मेसेजमध्ये त्याचं नाव नाही.

राहता राहिलं ते तात्पर्य. यात थोडं खरं आहे, आणि तेच घातक आहे. ‘जाने भी दो यारों’ १९८३ मध्ये आला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला नव्हता. कुंदन शाह यांना पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण घराघरांत तो पोचला पुढे टीव्हीमुळं. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये आमिर आणि सलमान दोघं असूनही फारसा चालला नाही, आणि आज त्याच्यावर पोरं जीव टाकतात. ही दोन उदाहरणं मान्य. टीव्हीनं बनवाबनवीचीही पारायणं घडवली, तेही मान्य. माझ्या भाच्याला तो टॉकीजमधून माहीत नाहीच. पण ‘प्रत्येक’? आचार्य अत्र्यांनी लिहिलेला, मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ १९३८ मध्ये आला तेव्हा नायिका मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावरून गहजब झाला आणि लोकांनी रांगा लावल्या. काही सिनेमे आधी पडून वर आले, काही पहिल्या दिवसापासून चालले, आणि बहुतेक पडले ते पडलेच. त्यांचे मेसेज कुणी पुढे पाठवत नाही. ‘आपली एकांकिका पडली तर ती अजरामर आहे’ हे तर्कट त्या पाच पोरांच्या डोक्यात आत्ताच तयार होतंय. परवा तालमीत दोन ज्युनियर मुली हसल्या नाहीत, तर एकजण म्हणाला म्हणे, ‘‘त्यांना वीस वर्षांनी कळेल.’’

नानांना मी काही लिहिलेलं नाही. फोन केला होता. सबनीस सोलापूरचे म्हटल्यावर खूश झाले, म्हणाले, ‘‘मग हेही टाक की ग्रुपवर.’’

भाच्याला मात्र निरोप दिलाय. रविवारी पाचही जणांना घेऊन ये. दोनशेपानी वही आण, पेन चालणारं आण. सिनेमा लावू आणि प्रत्येक थापेला थांबवू. कुणी मारली, कुणाला मारली, कुणाला खरं माहीत आहे, एवढे तीन रकाने भरायचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, दही तेवढं येताना घेऊन या.