तीन किलो पाव, एक किलो जॅम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऊरी ऑर्लेव्ह या होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या लेखकावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण वाचून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. इतरांसाठी तिचा गोषवारा असा. ‘द आयलंड ऑन बर्ड स्ट्रीट’ या त्यांच्या कादंबरीतला अकरा वर्षांचा मुलगा, सोबतीला पांढरा उंदीर, पडक्या इमारतीत महिनोन्‌महिने एकटा, ही साहसकथा झाली, होलोकॉस्ट नव्हे. लेखकाने मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दुसरं लिहिलं, म्हणजे मुलांना पाणी घालून पाजलं. गॅस चेंबर दाखवायची हिंमत नसेल तर लिहूच नये. शिवाय मराठी मुलांना वॉर्सा कशाला, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला होलोकॉस्टमधून वाचलेली पोलिश मुलं होतीच की. आणि शेवटी, वॉर्साच्या ज्यूंच्या छातीवर मी पिवळा तारा लावला, तो तिथे नव्हता.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर, माझं चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. व्याप्त पोलंडच्या ज्या भागावर हान्स फ्रँक या नाझी गव्हर्नरचा अंमल होता, तिथे २३ नोव्हेंबर १९३९ च्या हुकमाने दहा वर्षांवरच्या ज्यूंना उजव्या बाहीवर किमान दहा सेंटिमीटर रुंद पांढरी पट्टी सक्तीची झाली, तीही आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कपड्यांवर. वॉर्सात त्या पट्टीवरचा तारा निळा असे. जर्मनीतला छातीवरचा पिवळा तारा सप्टेंबर १९४१ चा, आणि तो सहाव्या वर्षापासून. कथा लिहिणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो. शिवलेला तारा चटकन काढता येत नाही, बाहीवरची पट्टी ओढून खिशात घालता येते. आणि घेट्टोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, भिंतीच्या भोकातून पलीकडे जाऊन बटाटे आणणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराला तर पट्टीच नसायची. म्हणजे पात्राचं वय दोन-तीन वर्षांनी हललं की अख्खा प्रसंग बदलतो.

आता साहसकथेचं. ऑर्लेव्ह यांच्या १९८१ च्या त्या कादंबरीत शहराचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, पण ‘पक्ष्यांची गल्ली’ म्हणजे प्ताशिया हा रस्ता वॉर्सात खराच आहे. पुस्तकातली परिस्थितीही मनाने रचलेली नाही. २२ जुलै ते २१ सप्टेंबर १९४२ या दोन महिन्यांत वॉर्सा घेट्टोतून सुमारे २ लाख ६५ हजार माणसं त्रेब्लिंका या मृत्युछावणीत नेली गेली. मागे उरले कामाचा परवाना असलेले सुमारे ३५ हजार आणि लपून राहिलेले आणखी २० हजारांच्या वर. घेट्टोचे तुकडे पडले. कारखान्यांभोवती वस्तीची बेटं, आणि मध्ये रस्तेच्या रस्ते रिकामे. घरं उघडी, ताटं टेबलावर, पलंगावर गाद्या. अशा जागी एखादं पोर वरच्या मजल्याच्या उरलेल्या कोनाड्यात दोरीची शिडी टाकून राहू शकतं, आणि शिडी वर ओढून घेतली की खालून कुणाला तिथे जागा आहे असं वाटतही नाही.

रॉबिन्सन क्रूसोला सामान मिळतं फुटलेल्या जहाजातून. या मुलाला मिळतं शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून. त्याला सापडलेला प्रत्येक डबा म्हणजे परत न आलेलं एक घर, आणि लेखक हे वाक्य कुठेही लिहीत नाही. दहा-अकरा वर्षांचा वाचक पहिल्या डब्याला खूश होतो, पाचव्याला गप्प होतो. ही साहसकथाच आहे, मला मान्य आहे. फक्त साहसाला लागणारा माल कुठून येतो तेवढं पाहा.

तुमच्या आक्षेपातला एक भाग मात्र खरा आहे आणि तो या साऱ्याच साहित्याला लागू पडतो. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंतली सुमारे पंधरा लाख मुलं होती. वाचलेला मुलगा हा अपवाद, आणि गोष्ट सांगायला तोच उरतो. त्यामुळे अशी पाच पुस्तकं वाचलेल्या मुलाचा समज होतो की हुशारी आणि धीर असला की माणूस वाचायचा. यावर तोडगा म्हणजे नायकाच्या आजूबाजूला त्याच्याइतकीच हुशार मुलं ठेवायची आणि ती जिवंत राहू द्यायची नाहीत. आणि नायकाच्या सुटकेत निदान दोन वेळा निव्वळ योगायोग ठेवायचा, त्याच्या अकलेचं श्रेय काढून घ्यायचं. ऑर्लेव्ह यांनी योराम फ्रिडमन यांच्या खऱ्या आयुष्यावर लिहिलेल्या २००१ च्या पुस्तकात आठेक वर्षांचा मुलगा शेतातल्या यंत्रात हात अडकून जखमी होतो, डॉक्टर ज्यू पोरावर शस्त्रक्रिया करायला नकार देतो, आणि हात कापावा लागतो. हे मुलांचंच पुस्तक आहे. पाणी कुठे घातलंय सांगा.

पाणी घालण्याचा आरोप तर क्रमानेही टिकत नाही. येझी हेन्रिक ऑर्लोव्स्की हे ऑर्लेव्ह यांचं जन्मनाव, १९३१ सालचा वॉर्सातला जन्म. वडील डॉक्टर, पोलिश सैन्यातून सोव्हिएत कैदेत गेलेले. आईला जर्मनांनी मारलं. एका नातेवाईक बाईने ऊरी आणि धाकट्या भावाला सांभाळलं, आणि तिघं जर्मनीतल्या बेर्गन-बेल्सन छावणीत पोचले, तिथे सुमारे बावीस महिने. छावणीतच तेरा वर्षांच्या या मुलाने वहीत पोलिश कविता लिहिल्या. युद्धानंतर पॅलेस्टाइनमधला किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतवस्ती, नवी भाषा हिब्रू. पहिली कादंबरी १९५६ ची, मोठ्यांसाठी, आणि तीत दोन भाऊ शिशाच्या सैनिकांशी खेळत राहतात. मुलांसाठीचं पहिलं पुस्तक यायला १९७६ उजाडलं. म्हणजे मोठ्यांचं लिहून झाल्यावर वीस वर्षांनी ते मुलांकडे वळले, आणि त्याच लेखनासाठी १९९६ चा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

याचं कारण त्यांनीच सांगितलेलं आहे. आपल्या बालपणाकडे मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी बघणं म्हणजे गोठलेल्या तळ्यावरच्या पातळ बर्फावरून चालणं, असं ते म्हणत. बर्फ फुटेल म्हणून लहानपणीच्याच पावलांनी चालायचं. लहान असताना ते स्वतःला समजावत की आपण चीनच्या सम्राटाचे पुत्र आहोत, आणि युद्ध किती वाईट असतं ते कळावं म्हणून वडिलांनी आपल्याला हे स्वप्न पाहायला लावलं आहे. हे लाडीक वाटेल. पण मुलाच्या नजरेतून लिहिणाऱ्याला यातून एक काटेकोर नियम मिळतो: पात्राला त्या दिवशी, त्या जागी जे कळू शकलं असतं तेवढंच त्याला कळू द्यायचं. १९४२ च्या जुलैत वॉर्सातल्या पोराला गॅस चेंबर माहीत नव्हता. त्याला तो माहीत करून देणं हेच खोटं.

मग गॅस चेंबर न दाखवता मारलं जाणं कसं सांगायचं? यासाठी पावाचं उदाहरण देतो, कारण याहून नेमकं मला सापडलेलं नाही.

घेट्टोतला ज्यूंचा अधिकृत शिधा १९४१ मध्ये दिवसाला सुमारे १८४ कॅलरींचा होता. मराठी मुलासाठी त्याचं माप म्हणजे दोन लहान पोळ्या, दिवसभरात. जुलै १९४२ च्या अखेरीस भिंतींवर कागद लागले: ‘पुनर्वसना’साठी जे आपणहून येतील त्यांना माणशी तीन किलो पाव आणि एक किलो जॅम. हजारो लोक आपल्या पायांनी उमश्लागप्लाट्झला, म्हणजे गाड्या सुटत त्या मैदानावर, गेले. मूर्ख होते म्हणून नव्हे. ज्याला मारायचं त्याला कुणी तीन किलो पाव कशाला देईल, हा हिशेब भुकेल्या माणसाला पटण्यासारखाच होता. बुंद या ज्यू कामगार संघटनेने झाल्मन फ्रिद्रिख या कार्यकर्त्याला गाड्यांच्या मागावर धाडलं. रेल्वे कामगारांच्या मदतीने तो सोकोवूवपर्यंत पोचला आणि त्याला कळलं ते एवढंच: भरलेल्या गाड्या त्रेब्लिंकाच्या फाट्यावर वळतात, रिकाम्या परत येतात, आणि तिकडे अन्न कधीच जात नाही.

एवढं मुलांसमोर ठेवा. पाव, जॅम, भरलेली गाडी, रिकामी गाडी, धान्याची गाडी नाही. पुढचं गणित अकरा वर्षांचं मूल स्वतः करतं, आणि स्वतः केलेलं गणित ते विसरत नाही. धुराचं वर्णन करून तुम्ही त्याला फक्त घाबरवाल, आणि घाबरलेलं मूल डोळे मिटतं. अमेरिकेचं होलोकॉस्ट संग्रहालय हा विषय साधारण सहावीपासून पुढे शिकवावा म्हणतं, तेही प्रेतांच्या छायाचित्रांनी धक्का देण्याच्या विरोधातच आहे.

हिंमतीपेक्षा माहितीच कमी पडते, आणि ती छावण्यांबाबत सर्वांत जास्त. ठराविक चुका सांगतो. नऊ वर्षांचा मुलगा ऑशविट्झला उतरतो, त्याच्या हातावर आकडा गोंदतात, तो पट्ट्यांचे कपडे घालून कुंपणाशी बाहेरच्या मुलाशी रोज गप्पा मारतो. आकडा फक्त ऑशविट्झच्या छावण्यांत गोंदला जाई, आणि तोही नोंद झालेल्या कैद्यांना. उतरताच निवड होई, त्यात एवढी लहान ज्यू मुलं बहुतेक वेळा आईसह थेट गॅस चेंबरकडे जात. त्यांची नोंद नाही, आकडा नाही, गणवेश नाही. अपवाद होते. सप्टेंबर १९४३ ते जुलै १९४४ मध्ये तेरेझिनच्या घेट्टोहून आणलेल्या कुटुंबांची वेगळी छावणी होती, तिथे मुलांची बराकही होती. जुळी मुलं प्रयोगांसाठी राखली जात. लेखकाला लहान मूल जिवंत ठेवायचंच असेल तर यांपैकी कुठल्या दाराने ते आत आलं हे त्याला सांगता आलं पाहिजे. त्रेब्लिंकात तर बहुतेकांची निवडही नाही. गाडीतून उतरलेले जवळजवळ सगळे काही तासांत मारले जात, त्यामुळे तिथे आलेल्या मुलाचं ‘छावणीतलं जीवन’ रंगवणं म्हणजे न घडलेलं लिहिणं. उलट बेर्गन-बेल्सनमध्ये गॅस चेंबर नव्हता. तिथे माणसं मेली ती भुकेने आणि टायफसने, ॲन फ्रँकसुद्धा.

मराठीत आपण या सगळ्याला सरसकट ‘छळछावणी’ म्हणून मोकळे होतो. बेल्सनला हा शब्द चालतो. त्रेब्लिंकाला नाही, कारण कामाला ठेवलेले थोडे सोडले तर तिथे छळायला माणूस ठेवतच नव्हते. तिथे ‘मृत्युछावणी’ किंवा ‘संहारछावणी’ लिहावं. आणि नाझींच्या चिन्हाचं: पुस्तकात ‘नाझींचं स्वस्तिक’ असं लिहून पुढे गेलात तर दारातल्या रांगोळीत ते रोज पाहणारं मूल तिथेच अडकतं. हाकेनक्रॉइत्झ, आकड्यासारखा वळलेला क्रॉस, हा त्यांचा स्वतःचा शब्द होता. एका वाक्यात तो सांगून टाकावा. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचं आत्मचरित्र मराठीत सहज मिळतं, त्यामुळे ‘मराठी मुलांना वॉर्सा कशाला’ याचं अर्धं उत्तर त्या ढिगातच आहे.

उरलेलं अर्धं वळिवड्याचं, आणि इथे मात्र तुमची चूक आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला जे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, त्यांतले बहुतेक कॅथलिक होते. पूर्व पोलंडमधून त्यांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलं होतं, नाझींनी नाही. १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर सुटका, मग इराण, मग भारत. त्यांचं दुःख मोठंच आहे, पण ते स्टालिनच्या खात्यातलं. ते होलोकॉस्टमध्ये मोडलं की दोन्ही इतिहास बिघडतात. खरा धागा हवा असेल तर ‘तेहरानची मुलं’ पाहा. याच वाटेने इराणला पोचलेली सातशेहून अधिक ज्यू मुलं, बरीचशी अनाथ. इराकने रस्ता नाकारला म्हणून त्यांना बोटीने कराचीला आणलं, तिथून सुएझमार्गे ती फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाइनला पोचली. दुसरा धागा वॉर्सातच आहे. १८ जुलै १९४२ रोजी यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी टागोरांचं ‘डाकघर’ सादर केलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती सगळी मुलं आणि कोर्चाकही त्रेब्लिंकाच्या गाडीत होते.

सातवीच्या वर्गात हे पुस्तक वाचायचं की नाही असं तुम्ही शेवटी विचारलंय. वाचा. आधी नकाशा काढा आणि त्यावर भिंत दाखवा: तीन मीटर उंच, आत साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास जागा आणि चार लाखांवर माणसं. तुमच्या गावाचं क्षेत्रफळ शेजारी लिहा. दोन प्रकरणं झाली की थांबा आणि प्रश्नांना पूर्ण तास द्या. पहिला प्रश्न ठरलेला आहे: त्याचे बाबा परत येतात का? पुस्तकात काय होतं ते सांगू नका, वाचू द्या. मग एखादा विचारेल, लेखकाचे आले का. त्याला सांगा की वडील वाचले, आई नाही.