'काळ्या मातीत नायलॉनच': टायरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सार असा: ट्रॅक्टर असो की पिकअप, रेडियल टायर डांबरी रस्त्यासाठी; काळ्या मातीत तो घसरतो, म्हणून तिथे आणि पांदणीत (शेताच्या कच्च्या वाटेवर) नायलॉनच घ्या. रेडियलची बाजू पातळ, धसकटाने फाटते. त्याचं पोट कायम सुटलेलं, म्हणून बसवलेच असतील तर हवा वाढवा. आणि १२ प्लाय म्हणजे १२ थर. यातलं एखादं वाक्य खरं आहे, पण बाकीचं वाचून खरेदी केली तर पैसे मातीत जातील.

"पोट सुटलं म्हणजे हवा कमी." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत टाकलेले असतात, त्यामुळे तळ आणि बाजू मिळून एकच ताठ कवच होतं. बाजू दबली की तळही वाकडा होतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि तळाखाली वेगळे पट्टे असतात. बाजू फुगते, तळ मात्र जमिनीवर सपाट राहतो आणि त्याचा ठसा लांब पडतो. हा लांब ठसा मिळावा म्हणून तर रेडियलचे जास्तीचे पैसे मोजायचे. हवा वाढवली की ठसा आखूड होतो, तळावरच्या उंच रबरी पट्ट्या फक्त मधेच माती धरतात, आणि महागडा टायर नायलॉनसारखा वागायला लागतो.

हवा डोळ्याने ठरवूच नका. जिनिंगच्या वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवा, नांगर उचललेला ठेवा, कारण त्याचंही ओझं मागेच येतं. आलेल्या वजनाचे दोन भाग करा आणि कंपनीच्या तक्त्यात त्या मापासमोरचा आकडा बघा. शेतात मागच्या नायलॉनला साधारण १२ ते १६ पाउंड हवा लागते. तेवढ्याच वजनाला त्याच मापाचा रेडियल त्याहून कमी हवेत चालतो. मात्र कमी हवेत जोर लावला की टायर रिंगवर सरकू शकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. म्हणून रिंग आणि टायर दोन्हींवर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मारा. रेघ तुटक दिसली की टायर सरकला, हवा तपासा.

"काळ्या मातीत रेडियल घसरतो." ओल्या काळ्या मातीत टायरच्या पट्ट्यांमधल्या खाचा भरल्या की कुठलाही टायर गुळगुळीतच होतो. तिथे पट्ट्यांची खोली आणि त्यांच्यातलं अंतर बघावं लागतं, आतल्या धाग्यांची दिशा नंतर. उलट रेडियलची बाजू दबते-सुटते तेव्हा खाचेतला चिखल निघायला थोडी मदतच होते. बाकी भंडारा-गोंदियाच्या धानाच्या चिखलणीत केजव्हीलच (लोखंडी पिंजऱ्यासारखं चाक) लागतं.

शंका असेल तर घसरण मोजा. मागच्या टायरवर खडूची खूण करा, ती खाली आली तिथे खुंटी ठोका. नांगर वर ठेवून चाकाचे १० फेरे चाला, अंतर मोजा. मग नांगर जमिनीत घालून, त्याच शेतात, तेच १० फेरे. समजा आधी ३९ मीटर भरलं आणि नंतर ३३, तर ६ भागिले ३९, म्हणजे घसरण सुमारे १५ टक्के. १० ते १५ ठीक आहे. २० च्या वर गेली तर डिझेल चाक फिरवण्यातच जळतंय.

रेडियलच्या लांब ठशाचा फायदा नांगरटीतच मोठा दिसतो. रोटाव्हेटरची पाती फिरताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, तिथे घसरणीचा प्रश्नच फारसा नसतो. ज्याचं बहुतेक काम रोटाव्हेटर आणि ट्रॉलीचं आहे, त्याने नायलॉन घेतला तर काही चुकलं नाही. ट्रॉलीला तर नायलॉनच परवडतो.

"बाजू धसकटाने फाटते." हे निम्मं खरं आहे. रेडियलची बाजू पातळ असते, आणि मेळघाटातल्या धारदार दगडांत नायलॉनची जाड बाजू जास्त टिकते. पण पऱ्हाटी (कापसाचं झाड) विळ्याने तिरपी कापली की जे टोकदार खुंट उरतं, ते वाळल्यावर कुठल्याही टायरला भोसकतं. पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटा (गुलाबी बोंडअळी रोखायलाही ते बरंच), किंवा चाकांचं अंतर ओळींच्या मधोमध बसेल असं लावून घ्या. बाजूला चीर गेलीच तर रेडियलला रेडियलचाच पॅच लागतो, नायलॉनचा पॅच बाजू दबली की उकलतो.

"१२ प्लाय म्हणजे १२ थर." नाही. तो आकडा ताकदीचा दर्जा सांगतो, आतले खरे थर त्याहून कमी असतात. बांधणी मापावरून ओळखा: १३.६-२८ असं लिहिलं तर नायलॉन, १३.६ आर २८ किंवा ३४०/८५ आर २८ असेल तर रेडियल.

"डांबरी रस्त्यासाठी." पिकअपच्या बाबतीत हे वाक्य रेडियलच्याच बाजूने जातं. पांदण दोन किलोमीटर आणि पुढे बाजारापर्यंत चाळीस किलोमीटर डांबर, असंच बहुतेकांचं असतं. मे महिन्याच्या उन्हात, भरल्या गाडीत, नायलॉनचे थर एकमेकांवर घासून जास्त तापतात. हवा कमी असली तर थर सुटून टायर फुटतो. पांदणीसाठी हवा काढली असेल तर डांबरावर चढण्याआधी भरा, टायर कुठलाही असो.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. नायलॉनमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत पाणी भरतात. रेडियलमध्ये ४० च्या वर नको, बाजू ताठ होते, त्यापेक्षा लोखंडी वजनं लावा. आणि एका धुरीवर एक नायलॉन, एक रेडियल कधीच नको. टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढणाऱ्या) ट्रॅक्टरला पुढे नायलॉन, मागे रेडियल चालतात. फोर-व्हील ड्राइव्हला चारही एकाच जातीचे आणि कंपनीने सांगितलेल्या जोडीचेच घ्या, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांच्या घेराचं गणित बिघडून पुढचे टायर झिजतात आणि ताण गिअरवर येतो.