ट्विस्ट मान्य, पण त्या डायरीचं काय?

'द सायलेंट पेशंट' या रहस्य कादंबरीचा शेवट वाचकाशी प्रामाणिक आहे, सगळे धागे आधीच हातात दिलेले असतात, हे तिच्यावरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य काही पटलं नाही बुवा. (वाचली नसेल तर इथेच थांबा, शेवट फुटेल.) थेरपिस्ट थिओच्या बायकोचं लफडं आणि त्याची पेशंट ॲलिशिया हिची थेरपी यांत वर्षांचं अंतर आहे, पण लेखक दोन्ही असं आलटून पालटून सांगतो की आपल्याला वाटावं सगळं एकाच वेळी चाललंय. म्हणजे धागा वगैरे काही नाही, नुसता काळ लपवला, याला कोडं म्हणायचं की हातचलाखी?

आणि ती ॲलिशियाची डायरी! स्वतःसाठी लिहिताना पान पानभर संवाद कोण लिहितं, तेही 'तो म्हणाला, मी म्हणाले' करत? शेवटी तर मॉर्फिन टोचल्यावर शुद्ध जात असतानाही बाई सगळा प्रकार नीट लिहून ठेवते, तिथे मला हसूच आलं. थेरपिस्ट पेशंटच्या नातेवाइकांकडे डिटेक्टिव्हगिरी करत फिरतो ते एकवेळ सोडून देऊ. सुरुवात मात्र जबरदस्त आहे, नवऱ्याला गोळ्या घालून गप्प झालेली बाई खरंच धरून ठेवते, म्हणून तर जास्त चिडचिड झाली.