चंद्रकोर की टिकली?

ब्रिस्बेनला आमच्या अंगणात एक हिरवट-तपकिरी पक्षी येतो. कानापाशी पिवळा ठिपका, निळसर करडे डोळे, आणि बोलायला लागला की मशीनगनसारखा कडकडाट. लेविन्स हनीईटर. हे निवृत्त झाल्यापासून पक्षी बघतात आणि मी त्यांना बघते. तरीही एवढा एक मला भाजी चिरताचिरता ओळखता येतो. त्यात माझी हुशारी काही नाही. ब्रिस्बेनमध्ये त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी नाहीच.

खरी गोम उत्तरेला आहे. केर्न्सच्या बाजूच्या जंगलात याच कपड्यांत आणखी दोघं फिरतात, यलो-स्पॉटेड आणि ग्रेसफुल. ऑस्ट्रेलियात हनीईटरच्या सत्तरहून जास्त जाती आहेत, त्यांत लालभडक आहेत, निळ्या गालांचे आहेत. पण यांचा जीव जडला तो या तीन हिरवटांवर.

पुस्तकात तिघं एकाच पानावर, एकाच दिशेला तोंड करून शिस्तीत बसलेले असतात. लेविन्स सगळ्यांत मोठा, 20 सेंटीमीटरच्या आसपास. यलो-स्पॉटेड जरा लहान. ग्रेसफुल सगळ्यांत छोटा, 15-16 सेंटीमीटरचा, अंगाच्या मानाने चोच मात्र लांब. वाचायला छान आहे. पण लहान-मोठा कळायला दोघं शेजारी बसायला हवेत, आणि जंगलात पक्ष्याच्या शेजारी फक्त पानं असतात.

मग राहतो कानाचा ठिपका. लेविन्सची चंद्रकोर, ग्रेसफुलची गोल टिकली, आणि मधल्याचं धड हे नाही की ते नाही.

राहण्याच्या उंचीवरूनही अंदाज येतो म्हणतात. उत्तरेत लेविन्स डोंगर धरून असतो, बाकीचे दोघं मुख्यतः सखल भागात. म्हणजे शहाण्या माणसाने एकतर समुद्राकाठी उतरावं, नाहीतर घाटमाथ्यावर. यांनी खोली घेतली कुरांडाला. बरोबर मधोमध, 330 मीटरच्या आसपास, जिथे तिघंही भेटतात.

"अहो, मुद्दाम?"

"मग! मजा त्यातच आहे."

मजा अशी : पहाटे उठायचं, मोजे पँटवर ओढायचे, तरी जळू आत शिरतेच. वाटेच्या कडेला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या पानांचं एक निष्पाप झुडूप असतं, जिम्पी-जिम्पी. त्याला हात लागला तर आग महिनोन् महिने जात नाही. त्यामुळे मान वर ठेवून पक्षी बघायचा आणि खाली बघून पाय टाकायचा, ही दोन्ही कामं एकाच मानेला.

"अगं, दिसला! कसा होता ठिपका?"

"पिवळा."

"ते मलाही माहितीये! आकार?"

"अहो, तो हलत होता."

जाणकार लोक म्हणे दिसण्यावर जातच नाहीत, आवाजावर जातात. ग्रेसफुल एकच तुटक 'टिक्' करतो. कडकडाट आला तर उरलेल्या दोघांपैकी एक. आता यांना डाव्या कानाने बारीक आवाज ऐकू येत नाहीत आणि उजव्या कानाने मी सांगितलेलं. मला ऐकू स्वच्छ येतं, पण चष्म्यावर दुर्बीण बसत नाही आणि चष्मा काढला की झाडच दिसत नाही. आंधळ्या-पांगळ्याची जोडी निदान एकमेकांना उचलून तरी घेत होती.

शेवटी एका झुडपात अगदी हाताशी 'टिक्' झालं. मी ऐकलं, यांनी पाहिलं, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात प्रथमच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. छोटा, लांब चोच, गोल टिकली. वहीत 'ग्रेसफुल' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

त्या आनंदात लेक ईचमला गेलो. ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेलं तळं, हिरवंगार पाणी, काठाला बाकं. केळ्याचा केक उघडला न उघडला तोच एक लेविन्स टेबलावर उतरला आणि माझ्या बशीतला तुकडा उचलून गेला. चंद्रकोर इतकी जवळ होती की चष्म्याचीही गरज नव्हती. ह्यांनी दुर्बिणीला हात लावला नाही. "हा काय, आपला घरचाच," म्हणाले.

शेजारच्या बाकावर एक पोरगा बसला होता, गळ्यात महागडी दुर्बीण. यांनी त्याला मोठ्या कौतुकाने वही दाखवली. त्याने फार नम्रपणे सांगितलं, की इकडचा ग्रेसफुल आता बऱ्याच याद्यांत ग्रेसफुल राहिलेला नाही. त्याला वेगळी जात ठरवून क्रिप्टिक हनीईटर केलंय.

हे खुलले. "म्हणजे आपला एक वाढला!"

"वाढला नाही, अहो. होता तो बदलला."

"मग ग्रेसफुल कुठे असतो?"

"केप यॉर्कला, पार उत्तरेच्या टोकाला," तो पोरगा म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

हे उठून गाडीपाशी गेले आणि वाकून टायर बघायला लागले. मी उरलेला केक डब्यात भरला. रस्त्यात लागणार होता.